गोव्यातील पंडित आणि फिझिकु-मोर

भारतातील पाश्चात्त्य वैद्यकाचा इतिहास सांगताना आरंभ बहुधा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथील एकोणिसाव्या शतकातल्या महाविद्यालयांपासून केला जातो, आणि त्यामुळे युरोपीय वैद्यक व देशी वैद्यक यांची पहिली गाठ पडली ती दोन सर्वस्वी भिन्न शास्त्रांची गाठ होती, असा समज सहज रूढ होतो. गोव्याचा इतिहास या समजाला छेद देणारा आहे. १५१० मध्ये आफोंसु द आल्बुकेर्कने गोवा शहर जिंकल्यानंतर युरोपात शिकलेले वैद्य आणि आयुर्वेदाच्या परंपरेतले वैद्य, ज्यांना पोर्तुगीज कागदपत्रांत सरसकट ‘पंडित’ म्हटलेले आढळते, एकाच शहरात, पुष्कळदा एकाच रोग्याच्या उशाशी वावरू लागले. आणि पुढची जवळजवळ तीन शतके त्यांच्यातले अंतर रोग ओळखण्याच्या वा बरा करण्याच्या सामर्थ्यावरून ठरत नव्हते, तर धर्म, परवाना आणि राजसत्ता यांनी ते आखून दिलेले होते.

सोळाव्या शतकातील पोर्तुगीज वैद्य ज्या शास्त्रावर पोसलेला होता ते ग्रीक वैद्य गॅलेन आणि अरबी परंपरेतील इब्न सीना यांचे शास्त्र होते. त्या शास्त्राप्रमाणे शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात, त्यांचा समतोल ढळला की रोग होतो, आणि उष्ण, शीत, आर्द्र व कोरडे या गुणांपैकी जो वाढला असेल त्याच्या विरुद्ध गुणाचे अन्न व औषध देऊन, किंवा साचलेला द्रव रेचकाने, वमनाने अथवा शिरेतून रक्त काढून बाहेर घालवून तो बरा करावयाचा असतो. वात, पित्त आणि कफ या त्रिदोषांवर उभ्या असलेल्या आयुर्वेदाला यातले काही परके वाटण्याजोगे नव्हते. रोगनिदानासाठी देशी वैद्याच्या हाताशी माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ होता, चिकित्सेसाठी दक्षिणेत आणि पश्चिम किनाऱ्यावर विशेष प्रचारात असलेले वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ होते, ज्यावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात टीका लिहिली होती. नाडीपरीक्षा ही आज आयुर्वेदाची ओळखच समजली जाते, परंतु चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ती नाही. ती शार्ङ्गधराच्या संहितेपासून, म्हणजे उत्तर मध्ययुगात, ग्रंथांत स्थिरावलेली दिसते. पुढे ‘योगरत्नाकर’ या ग्रंथात नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी आणि आकृती अशी आठ स्थानांची परीक्षा सांगितली गेली. पोर्तुगीज वैद्यही मनगट धरून नाडी पाही आणि काचेच्या भांड्यात मूत्र घेऊन त्याचा रंग व गाळ तपासत असे. म्हणजे रोग्याच्या देहावर कोठे पाहावे याविषयी दोघांचे बरेचसे एकमत होते, आणि देहाच्या आत काय घडते आहे याविषयी दोघेही सारखेच अंधारात होते.

या अंधाराचा एक पुरावा १५४३ सालचा आहे. त्या वर्षी गोव्यात वांती, जुलाब आणि पेटके आणून काही तासांतच माणसाचा प्राण घेणारी साथ पसरली, जिला स्थानिक लोक मोडशी म्हणत आणि जिच्या वर्णनावरून ती पटकी, म्हणजेच कॉलरा, होती हे स्पष्ट दिसते. गास्पार कोर्रैय या इतिहासलेखकाने नोंदविले आहे की, गव्हर्नर मार्तिं आफोंसु द सोझ याच्या आज्ञेवरून वैद्यांनी या रोगाने मेलेल्या एका माणसाचे शरीर उघडून पाहिले, आणि जठर आकसून सुरकुतलेले होते एवढ्याखेरीज त्यांना काही आढळले नाही. भारतातील शवविच्छेदनाची ही अगदी आरंभीची लेखी नोंद होय. ज्या उपायाने रोगाचे कारण कळावे अशी अपेक्षा होती तो उपाय योजला गेला, पण दिसले ते ओळखण्याची साधने आणि संकल्पना अजून जन्माला यावयाच्या होत्या. कॉलऱ्याच्या जंतूची ओळख रॉबर्ट कॉखने पटविली ती १८८४ मध्ये, म्हणजे ३४१ वर्षांनंतर.

मार्तिं आफोंसु द सोझ याच्याबरोबर १५३४ मध्ये गार्सिया द ऑर्ता हा वैद्य गोव्यात आला होता. त्याचे कुटुंब मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती केले गेलेले. त्याचे शिक्षण स्पेनमधील विद्यापीठांत झालेले. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारी त्याचे जाणे-येणे होते, तेथे त्याने उपचार केले आणि तेथील हकिमांशी इब्न सीनाच्या मतांवर चर्चाही केल्या. मुंबईचे बेट तर त्याला पोर्तुगीज राजाकडून खंडाने मिळालेले होते. त्याचा भारतातील औषधी द्रव्यांविषयीचा संवादरूप ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण झाला, आणि ज्या कवीला पुढे पोर्तुगालने आपला महाकवी मानले त्या कामोइशची पहिली छापील कविता या औषधांच्या ग्रंथाच्या आरंभी आहे, हे जाता जाता सांगावयास हवे. ग्रंथात ऑर्ता आणि रुआनु हा कल्पित मित्र यांचे पन्नासहून अधिक संवाद आहेत. रुआनु पुस्तकातले दाखले देतो, आणि ऑर्ता त्यांना स्वतः पाहिलेल्या गोष्टींनी उत्तर देतो. आंतोनिया ही घरातील दासी वनस्पती आणून दाखविते, मलुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन एका औषधाविषयी सांगतो, आणि प्राचीन ग्रीकांना जे ठाऊक नव्हते ते येथल्या माणसांकडून कळते, असे ऑर्ता उघडपणे म्हणतो. हा मोकळेपणा त्या काळच्या विद्यापीठीय वैद्यात दुर्मीळच होता.

तरीही ऑर्ताला देशी वैद्यकाचा भक्त ठरविणे चुकीचे होईल. देशी वैद्य शास्त्रापेक्षा अनुभवाने व रूढीने उपचार करतात असे त्याचे मत होते, आणि आपल्या पद्धतीचा अभिमान त्याने कधी लपविला नाही. मोडशीवरील संवादात तो हिंदू वैद्यांचे उपचार नोंदवितो: रोग्याला मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, पायांना तापल्या लोखंडाचे डाग देतात. आजच्या वाचकाचे लक्ष पेजेकडे वेधले जाणे स्वाभाविक आहे, कारण जुलाबात शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हाच उपचाराचा गाभा असल्याचे १९७१ च्या बांगलादेश युद्धातील निर्वासित छावण्यांत दिलीप महालनोबीस यांनी केलेल्या कामाने सिद्ध झाले, आणि पुढे तांदळाच्या पिठाची जलसंजीवनीही वापरात आली. पण त्याच वैद्याने, त्याच रोग्याला, त्याच श्रद्धेने डागही दिलेला होता. पेज उचलून पूर्वजांचे शहाणपण म्हणावयाचे आणि डाग विसरून जावयाचे, ही इतिहासाची सोयीची वाचनपद्धती झाली. त्या वैद्याच्या दृष्टीने दोन्ही उपाय एकाच उपचाराचे भाग होते, आणि दोहोंतला कोणता गुण देत होता हे वेगळे करून पाहण्याची रीत त्याच्यापाशी नव्हती, तशी ती ऑर्तापाशीही नव्हती.

ऑर्ता १५६८ मध्ये मरण पावला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातील पाखंड शोधून शिक्षा करणारे न्यायालय, काम करीत होते. त्या न्यायालयाने त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये जिवंत जाळले आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्ताची हाडे उकरून तीही जाळली. ग्रंथ मात्र वाचला, कारण कारोलुस क्लुसियुस या वनस्पतितज्ज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला होता आणि युरोपातील वैद्यांनी ऑर्ता वाचला तो मुख्यतः त्यातूनच.

याच वर्षी, १५६७ मध्ये, गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांनी परधर्मीय वैद्य, सुईण किंवा न्हावी यांची सेवा घेऊ नये असे ठरविले. न्हावी या यादीत आहे तो केवळ दाढीसाठी नाही. फासण्या मारणे, रक्त काढणे, गळू फोडणे ही कामे युरोपात आणि येथेही तोच करीत असे. या निर्बंधामागे हिंदू वैद्याचे औषध गुणकारी नाही असा दावा नव्हता, उलट ते गुणकारी असल्याने रोगी त्याच्या घरी जाईल, तेथे मंत्र, नवस आणि देवदेवता यांच्याशी त्याचा पुन्हा संबंध येईल, ही भीती होती. नव्याने बाटलेल्या समाजात आजारपण ही माणसाला जुन्या देवांकडे नेणारी सर्वांत जवळची वाट असते, हे धर्मगुरूंनी अचूक ओळखले होते. १५७४ मध्ये गव्हर्नर आंतोनियु मोनीज बार्रेतु याने ब्राह्मण वैद्यांनी शहरातून घोड्यावर बसून किंवा पालखीतून फिरू नये असा दंडाचा हुकूम काढला; आणि असा हुकूम काढावा लागला याचाच अर्थ हे वैद्य तसे फिरण्याइतके प्रतिष्ठित व सधन होते असा होतो.

या सर्व निर्बंधांचे काय झाले हे यान ह्युगेन व्हान लिन्स्कोटेन या डच माणसाने लिहून ठेवले आहे. तो १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता, म्हणजे माहिती ऐकीव म्हणून बाजूला सारता येणार नाही अशा जागी बसलेला होता. हिंदू वैद्य केवळ आपल्या लोकांवरच नव्हे तर पोर्तुगिजांवरही उपचार करतात, आणि स्वतः व्हाइसरॉय, आर्चबिशप, सारे पाद्री व मठवासी आपल्या देशबांधवांपेक्षा त्यांच्यावरच अधिक विश्वास टाकतात, अशी त्याची नोंद आहे. ज्या धर्मसत्तेने ख्रिस्ती माणसाला पंडिताच्या दारी जाण्यास मनाई केली तिचा सर्वोच्च अधिकारी स्वतःच्या आजारात पंडितालाच बोलावीत होता. याला ढोंग म्हणून मोकळे होता येईल, पण त्यात व्यावहारिक शहाणपणही आहे, कारण या किनाऱ्यावरचे ताप आणि अतिसार युरोपातून आलेल्या वैद्याला नवे होते आणि पंडिताला पिढ्यान्‌पिढ्यांचे परिचयाचे होते.

मनाई चालत नाही असे दिसल्यावर नियंत्रण आले. १६१८ मध्ये शहराच्या सेनादु या नगरसभेने नियम केला की फिझिकु-मोर, म्हणजे राज्याचा मुख्य वैद्य, याने परीक्षा घेऊन परवाना दिल्याखेरीज कोणी वैद्यकीचा व्यवसाय करू नये आणि परवानाधारक हिंदू वैद्यांची संख्या ३० पेक्षा अधिक होऊ नये. वैद्यकाच्या इतिहासात या नियमाला मोठे महत्त्व आहे, कारण युरोपीय सत्तेने देशी वैद्यकाला बेकायदा न ठरविता मोजून, मर्यादेत ठेवून मान्यता दिल्याचे हे जुने उदाहरण आहे. परीक्षक लिस्बनहून आलेला आणि परीक्षार्थी संस्कृत श्लोक मुखोद्गत असलेला, असा हा प्रसंग असला पाहिजे. तेव्हा प्रत्यक्षात तपासले जात असेल ते शास्त्रज्ञान नव्हे, तर नाव, वर्तन आणि शहरातील वजनदार रोग्यांची शिफारस, असे मानण्यास जागा आहे.

राज्याची स्वतःची वैद्यकव्यवस्था ज्या रॉयल हॉस्पिटलात एकवटली होती, त्याची कीर्ती मात्र दुहेरी आहे. आल्बुकेर्कच्या काळी सुरू झालेले आणि १५९१ पासून जेझुइट पाद्र्यांच्या देखरेखीखाली आलेले हे रुग्णालय फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने १६०८ मध्ये रोगी म्हणून आतून पाहिले, आणि स्वच्छ बिछाने, चांदीची भांडी, नेमाने येणारे वैद्य यांचे वर्णन करून ते जगातले सर्वोत्तम रुग्णालय असल्याचे त्याने म्हटले. दुसरीकडे, १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत याच रुग्णालयात सुमारे २५,००० पोर्तुगीज सैनिक मेले, असा आकडा इतिहासकार देतात. चांदीच्या ताटाने मृत्यू टळत नव्हता. लिस्बनहून सहा महिन्यांचा प्रवास करून अर्धमेले पोहोचणारे सैनिक, हिवताप, आव, आणि सच्छिद्र जांभ्याच्या जमिनीत खोदलेल्या, गटारांचे पाणी झिरपणाऱ्या विहिरी ही त्यामागची कारणे होती. आणि त्यात भर होती ती उपचारांची.

तापावर शिरेतून रक्त काढणे हा तेथला ठरलेला उपाय होता. देशी वैद्य असे रक्त काढीत नसत. इंग्रज कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर, जो १६७० च्या दशकात मुंबई, सुरत आणि गोवा येथे फिरला, तो येथील वैद्यांना शिरा कोठून जातात हे ठाऊक नाही, ते जळवा लावतात, नाडी कळते असे म्हणतात पण मूत्राकडे पाहत नाहीत, अशी टीका करतो. सुश्रुतसंहितेत शिरावेधाचे, म्हणजे शीर उघडून रक्त काढण्याचे, तपशीलवार वर्णन आहे हे लक्षात घेता, ग्रंथात असलेली क्रिया हातांतून केव्हाच निसटली होती असा त्याचा अर्थ लावावा लागतो. मात्र या अज्ञानाने रोग्याचे नुकसान झाले असेल असे वाटत नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये, जो १६४० च्या दशकात दोनदा गोव्यात आला होता, सांगतो की रुग्णालयात रोग्याचे इतक्या वेळा रक्त काढले जाई की तो पांढराफटक पडे, आणि मग गेलेला रंग परत यावा म्हणून त्याला दिवसातून तीन वेळा गाईचे मूत्र पाजले जाई. हा उपाय पोर्तुगीज या देशातील मूर्तिपूजकांकडून शिकले होते. आयुर्वेदात पांडुरोगावर, म्हणजे शरीर फिकट पडणाऱ्या विकारावर, गोमूत्र आणि गोमूत्रात सिद्ध केलेला हिरडा सांगितलेला आहे. तेव्हा जेझुइटांच्या रुग्णालयात युरोपीय शास्त्राने पांडुरोग निर्माण करावयाचा आणि हिंदू शास्त्राने त्यावर औषध द्यावयाचे, अशी कामाची वाटणी झालेली होती. धर्मपरिषदेचे ठराव तिच्या आड आले नाहीत.

औषधांच्या बाजारात तर सरहद्द उरलीच नव्हती. जेझुइटांच्या औषधशाळेत गास्पार आंतोनियु नावाच्या धर्मबंधूने बेझोआर, म्हणजे काही प्राण्यांच्या जठरात बनणारा खडा, मोती, पोवळे, कस्तुरी आदी पदार्थ कुटून तयार केलेला गोळा ‘गोव्याचा खडा’ या नावाने युरोपभर विकला जाई. सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवलेला हा खडा खरवडून पेयात घालून विषावर आणि तापावर घेत असत. मोत्याचे व पोवळ्याचे भस्म वापरणाऱ्या कोणाही वैद्याला ही कल्पना घरचीच वाटली असती. अतिसारावर ‘मलबारी वनस्पती’ म्हणून पोर्तुगीज लेखकांनी जिचे गुण गायिले ती कोकणातला कुडाच असल्याचे मानले जाते. गोमंतकातून धर्मछळामुळे दक्षिणेस गेलेल्या सारस्वत घराण्यांतील रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांनी कोचीन येथे डच गव्हर्नर व्हान रेडे याच्या ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथाला साहाय्य केले, आणि १६७८ च्या पहिल्या खंडात त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र छापले गेले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे नावही तेथे आहे. पोर्तुगीज गोव्यात मलुपाच्या एका उल्लेखापुरता पंडित छापील ग्रंथात शिरला होता. डच कोचीनमध्ये त्याची सही शिरली.

अठराव्या शतकात जुने गोवे ओस पडत गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलविला, त्याच वर्षी जेझुइटांची हकालपट्टी झाली, आणि रुग्णालय आधी पणेलीत व नंतर पणजीत गेले. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी आदी महाल राज्याला जोडले जाऊन नव्या काबिजादी बनल्या, तेव्हा राज्याखालची हिंदू प्रजा एकदम वाढली, आणि तेथे वैद्याखेरीज दुसरा उपचारक नव्हताच. १८०१ मध्ये फिझिकु-मोर मिरांद ए आल्मैद याने वैद्यक आणि शस्त्रक्रियेचा वर्ग सुरू केला; ५ नोव्हेंबर १८४२ रोजी गव्हर्नर कोंदी दास आंतास याच्या हुकुमाने आणि फिझिकु-मोर माटेउस सेझारियु मोआशु याच्या पुढाकाराने पणजीत वैद्यकशाळा, एश्कोल मेदिकु-सिरुर्जिक, स्थापन झाली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज याच्याही नंतरचे, १८४५ चे आहे.

दोन वैद्यकांमध्ये खरे अंतर पडले ते या काळात, आणि ते निदानात पडले. लेनेकने १८१६ मध्ये शोधलेल्या स्टेथोस्कोपने जिवंत माणसाच्या छातीतील बिघाड ऐकू येऊ लागला, शवविच्छेदनाने त्याची खातरजमा होऊ लागली, आणि शतक संपता संपता सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचे कारणच दिसू लागले. या बदलाचे रूप गोमंतकीय वैद्यकाच्या इतिहासात सर्वांत ठसठशीत दिसते ते गोव्याबाहेर: बार्देशातील हडफडे येथे जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले डॉ. आकासियु व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील तापाचे रोगी तपासून, त्यांच्या गाठी पाहून, हा ग्रंथिक ताप, म्हणजे प्लेग, आहे असे ठामपणे सांगितले, आणि पुढे वाल्डेमार हाफकिन यांनी जंतुपरीक्षेने त्या निदानाला पुष्टी दिली. त्यांचे पहिले निदान अजूनही बोटांचे आणि डोळ्यांचे होते. फरक इतकाच की आता ते खरे की खोटे हे पारखून पाहता येत होते. १५४३ च्या वैद्यांना आणि त्यांच्या समकालीन पंडितांना नेमकी हीच सोय नव्हती.

पणजीच्या शाळेतून बाहेर पडलेल्या गोमंतकीय डॉक्टरांच्या वाट्याला मात्र परवान्याचे जुने राजकारण नव्या रूपात आले. त्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती होते, पोर्तुगीजमधून शिकलेले होते, आणि पंडितांच्या तुलनेत ते सत्तेच्या बाजूचे होते. तरी खुद्द पोर्तुगालमध्ये त्यांची पदवी लिस्बन किंवा पोर्तु येथील पदवीच्या बरोबरीची धरली जात नसे, वसाहतींच्या आरोग्यखात्यात त्यांना दुसऱ्या वर्गाचे वैद्य म्हणून नेमले जाई, आणि ज्यांना वर चढावयाचे असे ते समुद्र ओलांडून पुन्हा परीक्षा देत. पुष्कळ जण मोझांबिक, अंगोला आणि पोर्तुगीज साम्राज्याच्या इतर भागांत गेले. तेथील लोकांचे स्वतःचे उपचारक होते, त्यांच्या मुळ्या, साली आणि दैवते होती, आणि त्यांच्यापुढे पोर्तुगीज वैद्यकाचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून उभा राहिला तो गोव्याचा डॉक्टर, ज्याच्या पणजोबाने आजारपणात धर्मगुरूची नजर चुकवून पंडिताची पुडी घेतली असण्याचा संभव पुष्कळच होता.